बैठ्या नोकरीचा हिशेब

दौंड स्थानकातून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळणे, हे पासधारकाच्या दृष्टीने दिवसाचे पहिले यश असते. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर अशी स्थानके मागे टाकत सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास होतो आणि त्यात दीड तास सहज निघून जातो. पुण्यात उतरलेला प्रवासी रिक्षात बसतो, रिक्षातून उतरून कार्यालयातील खुर्चीत बसतो आणि सायंकाळी हाच क्रम उलट्या दिशेने पार पाडून घरी दूरचित्रवाणीसमोर बसतो. शिरूर तालुक्यातून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुण्याला कंपनीच्या बसने जाणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा दिवसही फारसा वेगळा नसतो.

या दिवसाचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शनिवारच्या सुट्टीच्या बदल्यात रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले आणि बहुतेक कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. म्हणजे कार्यालयातले साडेआठ तास, त्यात जेवणाचा अर्धा तास, तोही बसूनच. जाण्यायेण्याचे तीन तास. घरी आल्यावर जेवण, मालिका किंवा भ्रमणध्वनी यांत दोन तास. एकूण साडेतेरा तास झाले. सात तास झोपेचे धरले, तर चोवीस तासांपैकी उरलेल्या साडेतीन तासांत आंघोळ, घरकाम, बाजार आणि मुलांचा अभ्यास बसवायचा असतो. 'रोज एक तास व्यायाम करा' हा सल्ला देणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करून पाहिला पाहिजे.

बैठ्या जीवनशैलीला आळसाचे लेबल लावणे सोपे असते, पण ते या माणसाच्या बाबतीत अन्यायाचे आहे. पहाटे पाचला उठून गाडी पकडणारा माणूस आळशी असू शकत नाही. त्याचे बसणे त्याच्या नोकरीच्या रचनेत आहे. त्यामुळे त्यावरचा उपायही बराचसा त्या रचनेतच, म्हणजे कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागीच, शोधावा लागतो. गेल्या सत्तर वर्षांतील संशोधन याच दिशेने बोट दाखवते.

बसचालक, वाहक आणि रेल्वेचे कारकून

बसून काम करण्याचा आणि आजाराचा संबंध नवा नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये व्यवसायजन्य आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिंपी आणि चांभार यांसारख्या बसून काम करणाऱ्या कारागिरांच्या दुखण्यांची नोंद आहे. मात्र आकडेवारीच्या आधारे हा संबंध प्रथम ठळकपणे दाखवला तो जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर आपल्या आसनावर बसून असे, तर वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत असे. कामाच्या एका दिवसात वाहकाच्या वाट्याला ५०० ते ७५० पायऱ्या येत. दोघांचे मालक एक, रस्ते एक, पगाराचा स्तरही जवळपास सारखा. तरीही १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. ज्या वाहकांना तो झाला, त्यांना उशिरा झाला आणि कमी घातक ठरला. टपाल खात्यातही हेच चित्र होते. फिरून पत्रे वाटणारे पोस्टमन मेजावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

यावर एक रास्त शंका घेतली गेली. मुळात जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी तिचा पाठपुरावा केला, तोही मोठ्या गमतीदार मार्गाने. गणवेशासाठी घेतलेल्या कमरेच्या मापांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. चालकांच्या विजारी वाहकांपेक्षा खरोखरच मोठ्या मापाच्या होत्या आणि हा फरक तरुण वयापासूनच दिसत होता. म्हणजे शंकेत तथ्य होते. १९५६ मध्ये मॉरिस यांनी स्वतःच हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोरा दिला म्हणून तो टिकला. एका अभ्यासावर कोणी तो मान्य केलेला नाही.

त्यांतला एक अभ्यास दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला विशेष जवळचा वाटावा. पुण्याहून दौंडपर्यंत लोहमार्ग १८५८ मध्ये आला, मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून या गावात रेल्वेचे कारकून, शंटिंग करणारे कामगार आणि रुळांची देखभाल करणारे गँगमन शेजारी शेजारी राहत आले आहेत. अमेरिकेत हेन्री टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये रेल्वेच्या नेमक्या याच तीन वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे वयानुसार समायोजित वार्षिक प्रमाण कारकुनांमध्ये हजारी ५.७, शंटिंग कामगारांमध्ये ३.९ आणि रुळांवर काम करणाऱ्यांमध्ये २.८ होते. कारकुनांचे प्रमाण गँगमनच्या दुप्पट होते. ज्या नोकरीला समाजात अधिक प्रतिष्ठा, तीच हृदयाला अधिक जड गेली.

भारतातलाही एक जुना अभ्यास जगभर उद्धृत केला जातो. कोलकात्याच्या परिसरातील एका ताग गिरणीत जीन मेयर आणि सहकाऱ्यांनी २१३ जणांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप तपासले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कष्टाची कामे करणारे हमाल भरपूर खात होते आणि त्यांचे वजन मर्यादेत होते, यात नवल नव्हते. नवल होते ते दुसऱ्या टोकाला. दिवसभर दुकानात बसणारे आणि देखरेख करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि सर्वांत वजनदार होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली, की भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, असे मेयर यांचे अनुमान होते. बैठ्या कामाने भूक मंदावते हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो. दुपारी चार वाजता कार्यालयात येणाऱ्या वडापावाच्या पार्सलकडे पाहिले तरी त्याची खात्री पटते.

बसल्यावर शरीरात काय घडते

शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे आहेत. चालताना, उठताना, जिना चढताना ते आकुंचन पावतात आणि रक्तातील साखर ओढून घेतात. विशेष म्हणजे आकुंचन पावणारा स्नायू ही साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही घेऊ शकतो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागला आहे, त्यांच्यासाठी ही बाब फार मोलाची आहे. माणूस खुर्चीत बसला की हे स्नायू जवळपास निष्क्रिय होतात. दुपारच्या जेवणानंतर रक्तात आलेली साखर मग अधिक काळ रक्तातच रेंगाळते.

दुसरा परिणाम रक्ताभिसरणावर होतो. पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक ते शिरा दाबतात आणि रक्त वर ढकलले जाते. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्यास हा पंप बंद पडतो. पायांवर सूज येते आणि क्वचित प्रसंगी शिरेत रक्ताची गुठळी तयार होते. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना भुयारी निवाऱ्यांत लोक रात्र-रात्र आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात गुठळी फुप्फुसात जाऊन होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यकतज्ज्ञाच्या लक्षात आले. निवाऱ्यात खुर्च्यांऐवजी झोपण्याची सोय करण्याचे महत्त्व त्यातून पुढे आले. आज लांबच्या विमानप्रवासात पाय हलवत राहण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

पाठ, मान आणि खांदे यांच्या तक्रारींबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या दुखतात, म्हणून माणूस त्यांची दखल घेतो. साखर आणि रक्तदाब दुखत नाहीत, हीच अडचण आहे.

'मी तर बारीक आहे'

बैठ्या जीवनशैलीविषयी बोलणे निघाले, की सडपातळ माणसे निर्धास्त असतात. या निर्धास्तपणाला पहिला मोठा धक्का पुण्यातूनच मिळाला. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण मोजल्यावर युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. वजनकाट्यावर सारखी दिसणारी ही दोन शरीरे आतून वेगळी होती.

पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात याची मुळे जन्मापर्यंत जाऊन पोहोचली. या गावांतील बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' असे वर्णन झालेल्या या भारतीय देहाला मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. त्यामुळेच आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानले जाते, तर पाश्चात्त्यांसाठी ही मर्यादा २५ आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा भारतीयांसाठीचा निकष आहे. शिंप्याची टेप घरात असली, तर हे माप घ्यायला मिनिटभरही लागत नाही. वजनकाट्यापेक्षा ते अधिक खरे बोलते.

दोन पिढ्यांपूर्वीचा विचार केला, तर या गोष्टीचे गांभीर्य अधिक जाणवते. भीमथडीच्या या मुलखात आजोबा मोटेने पाणी उपसत, दारे धरत आणि बाजाराला चालत किंवा सायकलने जात. वडिलांच्या काळात विजेचा पंप आला. नातवाच्या दारात मोटारसायकल आहे आणि नोकरी संगणकासमोरची आहे. कमी स्नायू आणि साठवणुकीकडे कल असलेले शरीर कष्टाच्या दिवसात निभावून जात होते. कष्ट एकाएकी गेले, शरीर मात्र तेच राहिले.

आकडेही तेच सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील १४ हजारांहून अधिक प्रौढांच्या हालचालींची नोंद घेण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडत होते. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. ग्रामीण भागातला निम्मा समाज निष्क्रिय निघावा, हे 'खेड्यातली माणसे काटक' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० मध्ये २२.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४९.४ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्क्यांच्या घरात आहे. घर आणि नोकरी या दोन्हींत दिवसभर अडकलेल्या स्त्रीच्या वाट्याला फिरायला जाण्याची सवड सर्वांत शेवटी येते, हे त्यामागचे एक उघड कारण.

सकाळचा फेरफटका पुरतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत आणि बसण्याचा वेळ कमी करून त्या जागी कोणतीही, अगदी हलकीही हालचाल आणावी, असे त्यांत म्हटले आहे. भराभर चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल समजावी.

मग सकाळी अर्धा तास फिरून आलेल्या माणसाने उरलेला दिवस खुर्चीत काढला तर चालेल काय? दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने याचे बरेचसे नेमके उत्तर दिले आहे. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका वाढतो, पण रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये हा वाढीव धोका जवळपास नाहीसा झालेला दिसला. हे ऐकून दिलासा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. एक ते सव्वा तास रोज, न चुकता, हे दौंडहून पुण्याला जाणाऱ्या माणसाच्या साडेतीन तासांत बसत नाही. अर्ध्या तासाच्या फेरफटक्याने धोका कमी होतो, पण पूर्ण फिटत नाही. उरलेली फेड दिवसभरात, हप्त्याहप्त्याने करावी लागते.

वार्षिक उत्साहाचेही तसेच आहे. तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असा मुक्काम करत दौंड तालुक्यातून जाते. तिच्यासोबत काही टप्पे चालणाऱ्या नोकरदारांची संख्या वाढत आहे, संगणक क्षेत्रातील तरुणांच्या दिंड्याही निघतात. त्यामागची श्रद्धा आणि आनंद निर्विवाद आहे. शरीर मात्र आषाढातले चालणे फाल्गुनापर्यंत जमेस धरत नाही.

हप्त्याने फेड करता येते याचा पुरावा आता चांगला जमला आहे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये १९ स्थूल व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालायला लावले. सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची रक्तशर्करा सुमारे पाव हिश्शाने कमी भरली. सावकाश चालले काय किंवा थोडे भराभर चालले काय, परिणामात फार अंतर नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये वेगवेगळी वेळापत्रके तपासली, तेव्हा दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालणे सर्वांत परिणामकारक ठरले. त्या प्रयोगात केवळ ११ जण होते, हेही नमूद करायला हवे. अशा लहान प्रयोगांवरून मिनिटांचे अचूक सूत्र बांधता येत नाही. दिशा मात्र सगळ्यांची एकच दिसते.

शतपावलीची कसोटी

जेवणानंतर शंभर पावले चालावे, ही आपल्याकडची रीत. शतपावली म्हटले की रात्रीच्या जेवणानंतर अंगणात येरझारा घालणारे आजोबा डोळ्यांसमोर येतात. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर केलेला अभ्यास जणू याच रीतीची परीक्षा होती. रुग्णांना काही दिवस रोज केव्हाही एकदा तीस मिनिटे चालायला सांगितले आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे. एकूण वेळ तितकाच होता. जेवणानंतर चालण्याने जेवणोत्तर रक्तशर्करा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. रात्रीचे जेवण भरपेट आणि त्यानंतर बसणे अधिक, म्हणून तेथे लाभही अधिक.

नोकरदारासाठी यातला खरा धडा दुपारचा आहे. अर्ध्या तासाच्या सुट्टीत डबा पंधरा-वीस मिनिटांत संपतो. उरलेली दहा मिनिटे वर्तमानपत्र, भ्रमणध्वनी किंवा टेबलावर डोके टेकून डुलकी यांत जातात. तीच दहा मिनिटे कार्यालयाच्या आवारात चालण्यात गेली, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत आणि घामही येत नाही. उन्हाळ्यात दौंडचे ऊन दुपारी चालू देत नाही, तेव्हा आतला व्हरांडा पुरतो.

रोज दहा हजार पावलांचा आकडाही येथेच निकालात काढलेला बरा. तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे नावच 'दहा हजार पावले मोजणारे' असे होते आणि तेथून हा आकडा जगभर पसरला. अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी झालेला दिसला आणि ७,५०० च्या पुढे लाभ फारसा वाढला नाही. दहा हजार होत नाहीत म्हणून चालणेच सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उभे राहून काम करणे हा उपाय आहे काय?

गेल्या काही वर्षांत उभे राहून काम करण्याच्या मेजांची जाहिरात जोरात झाली. मात्र बसण्याच्या तुलनेत उभे राहिल्याने खर्च होणारी ऊर्जा अगदी थोडी, सरासरीने मिनिटाला ०.१५ कॅलरी जास्त असते. सहा तास उभे राहून पन्नास-पंचावन्न कॅलरींचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या पोळीचा. ब्रिटनमधील सुमारे ८३ हजार लोकांच्या २०२४ मधील अभ्यासात जास्त उभे राहिल्याने हृदयविकाराचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. उलट पायांच्या शिरा फुगण्यासारख्या तक्रारी वाढल्या.

उभे राहणे हे सुख नाही, हे सांगायला संशोधनही नको. कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे, म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. एका माणसाला दिवसभर बसावे लागते आणि दुसऱ्याला दिवसभर उभे राहावे लागते. शरीराला हवी असते ती अदलाबदल. बसची वाट पाहत ताटकळणे आणि चालणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

शिपाई, ई-ऑफिस आणि घंटी

आपल्या कार्यालयांची रचना कारकुनाला जागेवरून हलू न देण्याची आहे. नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यासाठी शिपाई असतो, पाण्याचा पेला तोच आणतो, चहा टेबलापर्यंत येतो. साहेबाच्या मेजावर तर घंटीच असते. जेरी मॉरिस यांच्या भाषेत सांगायचे तर शिपाई हा वाहक आणि साहेब हा चालक. ई-ऑफिसने नस्तीही संगणकात गेली. शेजारच्या शाखेत जाऊन चौकशी करण्याऐवजी आता संदेश पाठवला जातो. कामाचा वेग वाढला हे चांगलेच झाले, पण दिवसातली शे-दोनशे पावले त्यात गेली. ती कोणाच्या लक्षातही आली नाहीत.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही असे नाही. आयुष मंत्रालयाने कार्यालयात करता येण्याजोगा पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' हा योगक्रम तयार केला, १ सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे अॅप आणले आणि केंद्राच्या कार्मिक विभागाने कर्मचाऱ्यांमध्ये त्याचा प्रसार करण्याच्या सूचना दिल्या. २०२३ मध्ये खुर्चीवर बसल्याबसल्या करावयाच्या प्रकाराची भर पडली. उपक्रम चांगला आहे. पण टेबलासमोर नागरिकांची रांग उभी असताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पाच मिनिटे हात वर करून श्वास घ्यावा, अशी अपेक्षा कोणी केली, तर रांगेतून काय ऐकावे लागेल हे सांगायला नको. अशा ठिकाणी दोघांनी आळीपाळीने खिडकी सांभाळावी, अशी व्यवस्था वरिष्ठांनीच करून द्यावी लागते.

खासगी क्षेत्रात प्रवाह उलट दिशेने वाहतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. तास वाढवताना बसण्याची सलगता तोडण्याचा विचारही त्याच कागदावर व्हायला हवा होता, असे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

खर्चाशिवाय करता येण्याजोगे मात्र बरेच आहे. पाण्याचा पिंप आणि छपाईयंत्र टेबलापासून दूर ठेवणे, दोन मजल्यांपर्यंत उद्वाहक न वापरणे, दूरध्वनीवरचे बोलणे उभ्याने किंवा चालत करणे, वीस मिनिटांच्या आतील चर्चा उभ्यानेच आटोपणे या गोष्टींसाठी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी, म्हणजे ती भरायला वारंवार उठावे लागते. शाखाधिकारी स्वतः उठले, तरच कनिष्ठ कर्मचारी संकोच न करता उठतात. खुर्ची रिकामी दिसली की माणूस कामचुकार, ही समजूत अनेक कार्यालयांत अजून घट्ट आहे आणि सगळ्या अॅपपेक्षा तीच मोठी अडचण आहे.

'बैठक' या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. गादी-लोड घातलेली बैठक, साहेबांनी बोलावलेली बैठक आणि तालमीतल्या जोर-बैठका. तिसरा अर्थ कार्यालयातून हद्दपार झाला आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे ही त्याची सौम्य आवृत्ती, आणि मांड्यांच्या स्नायूंना ती पुरेशी जाग आणते. ज्यांना अधिक हवे त्यांच्यासाठी सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा प्रसार केला. त्यांना सतरंजीएवढी जागा आणि दहा मिनिटे पुरतात.

प्रवासातले तास

दौंड-पुणे प्रवासातला वेळ वाया गेलेला समजण्याचे कारण नाही. उभ्याने प्रवास करावा लागला तर टाचा उचलून पोटऱ्या ताणाव्यात आणि बसायला मिळाले तर प्रत्येक स्थानकावर पाय लांब करून घोटे फिरवावेत. यवतपर्यंत बसून पुढची जागा उभ्या असलेल्या सहप्रवाशाला देण्याची आपसातील वाटणी दोघांच्याही हिताची ठरेल. पुणे स्थानकापासून जिल्हाधिकारी कार्यालय, ससून रुग्णालय, मध्यवर्ती इमारत ही ठिकाणे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. जाता-येता पायी गेल्यास दिवसाला वीस ते तीस मिनिटे आणि पाच दिवसांच्या आठवड्यात दीडशे मिनिटांच्या जवळपास मजल जाते, शिवाय रिक्षाचे पैसे वाचतात. पदपथ मोकळे असतील तर ते आणखी सोपे होईल, पण तो विषय महापालिकेचा.

याच मार्गावरच्या उरुळी कांचनला मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला. पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. आश्रमात उपचारासाठी येणाऱ्यांना आहारनियमाबरोबरच चालण्याची सवय लावली जाते. गाडीतून रोज त्या स्थानकावरून जाणाऱ्यांना त्यासाठी तेथे दाखल होण्याची गरज नाही.

ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे आहे, त्यांनी भराभर चालणे किंवा जिने चढणे वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाआधी उपाशीपोटी लांब चालू नये, साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. चालताना छातीत दडपण, धाप किंवा चक्कर जाणवली, तर थांबून त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी. तिशी ओलांडलेल्या आणि बैठे काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर आणि कमरेचा घेर मोजून घ्यावा. रक्तदाब व साखरेची तपासणी शासकीय ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही होते.